जुन्या अकाउंटमधल्या फाइल्स नव्या अकाउंटमध्ये नेताना: विंडोज १० आणि ११ साठी

घरात एकच कॉम्प्युटर आणि त्यावर सगळ्यांचं मिळून एकच अकाउंट, असं बरीच वर्षं चालतं. मग मुलांच्या अभ्यासासाठी वेगळं अकाउंट करायची वेळ येते, किंवा ऑफिसातलं मशिन दुसऱ्याच्या हाती जातं, किंवा एखाद्या सकाळी विंडोज जुनं अकाउंट नीट उघडतच नाही. नवं अकाउंट दोन-चार मिनिटांत तयार होतं. पण आत गेलं की डेस्कटॉप कोरा, डॉक्युमेंट्स रिकामं, आणि पोटात गोळा येतो. तेव्हा आधी एवढं ध्यानात घ्या: नवं अकाउंट उघडल्यामुळे जुन्या फाइल्स पुसल्या जात नाहीत. त्या त्याच डिस्कवर, जुन्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा असतात.

मेन्यूंची नावं मी विंडोज ११ प्रमाणे देतो आहे. १० मध्ये एखादं बटण इकडचं तिकडे दिसेल, बाकी काम तेच. कॉपी-पेस्ट हा यातला सोपा भाग. खरा वेळ लागतो तो आपलं काय काय आणि कुठे कुठे साठलंय ते शोधायला, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

फाइल्स असतात कुठे

‘धिस पीसी’ उघडा, ‘सी’ ड्राइव्हमध्ये जा आणि ‘यूजर्स’ हा फोल्डर उघडा. मशिनवरच्या प्रत्येक अकाउंटचा इथे एकेक फोल्डर असतो, आणि प्रत्येकाच्या पोटात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज असे फोल्डर असतात. म्हणजे स्क्रीनवर दिसणारा डेस्कटॉप हासुद्धा एक साधा फोल्डरच आहे.

फोल्डरचं नाव ओळखीचं वाटलं नाही तर गोंधळू नका. अकाउंट मायक्रोसॉफ्टच्या ईमेलने उघडलं असेल तर विंडोज त्या ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन फोल्डरला नाव देतं. नंतर सेटिंग्जमध्ये अकाउंटचं नाव कितीही वेळा बदललं तरी फोल्डरचं नाव तेच राहतं. शंका असेल तर फोल्डर उघडून आतला डेस्कटॉप बघा. आपल्या फाइल्स लगेच ओळखू येतात.

‘टेम्प’ नावाचा फोल्डर दिसत असेल आणि लॉगिन झाल्यावर ‘टेंपररी प्रोफाइल’ असा संदेश येत असेल, तर तिथे काहीही काम करू नका. जुनं अकाउंट उघडलं नाही की विंडोज असं तात्पुरतं अकाउंट पुढे करतं, आणि साइन आउट केलं की त्यात सेव्ह केलेलं सगळं जातं. मशिन एकदा रीस्टार्ट करून बघा. तरीही तेच झालं तर नवं अकाउंट तयार करायचं, आणि जुन्या फोल्डरमधल्या फाइल्स खाली सांगितल्याप्रमाणे आणायच्या.

‘डी’ किंवा ‘ई’ ड्राइव्हवर ठेवलेलं सामान सहसा हलवावं लागत नाही. ते नव्या अकाउंटमधूनही दिसतं.

जुन्या अकाउंटमध्ये असतानाच उरकायची कामं

जुनं अकाउंट अजून चालू असेल तर हा भाग घाईत सोडू नका. काही गोष्टी फक्त त्याच अकाउंटमध्ये बसून बाहेर काढता येतात.

पहिली गोष्ट वनड्राइव्ह, म्हणजे फाइल्स इंटरनेटवर साठवायची मायक्रोसॉफ्टची सोय. आजकाल बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेले असतात आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तपासायचं असं: डेस्कटॉपवरच्या एखाद्या फाइलवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘लोकेशन’ वाचा. त्यात वनड्राइव्ह हा शब्द असेल, तर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइल्सशेजारच्या खुणा बघा. निळ्या ढगाची खूण असलेली फाइल या मशिनवर नसतेच. दिसतं ते नुसतं नाव, फाइल इंटरनेटवर. अशी फाइल नव्या अकाउंटमधून कॉपी करायला गेलात तर विंडोज अडतं, कारण ती खाली उतरवणारं जुन्या अकाउंटचं वनड्राइव्ह त्या वेळी चालू नसतं. म्हणून आत्ताच सगळे फोल्डर निवडा, राइट-क्लिक करा आणि ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. सगळीकडे हिरवी टिक येईपर्यंत थांबा; नेट हळू असेल तर रात्रभर मशिन चालू ठेवावं लागेल. नव्या अकाउंटमध्ये तोच मायक्रोसॉफ्ट ईमेल वापरणार असाल तर हे करायचीही गरज नाही, तिथे वनड्राइव्हला साइन-इन केलं की फाइल्स आपोआप येतात.

दुसरी गोष्ट ब्राउझरमधले पासवर्ड. क्रोममध्ये जीमेलने साइन-इन करून सिंक (पासवर्ड वगैरे गूगल खात्यात आपोआप साठवणं) चालू असेल तर नव्या अकाउंटमध्ये त्याच जीमेलने साइन-इन करा, काम झालं. सिंक नसेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गूगल पासवर्ड मॅनेजर उघडा, तिथल्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड एक्स्पोर्ट करायची सोय आहे. बुकमार्क मॅनेजरमधून बुकमार्कही तसेच एक्स्पोर्ट होतात. क्रोमचा अख्खा फोल्डर उचलून नव्या अकाउंटमध्ये टाकला तर पासवर्ड चालत नाहीत, कारण ते ज्या किल्लीने कुलूपबंद होतात ती विंडोजच्या त्या अकाउंटशी बांधलेली असते. एजचंही तसंच. फायरफॉक्स मात्र स्वतःची किल्ली स्वतःच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये ठेवतं, त्यामुळे तो फोल्डर पूर्ण नेला तर पासवर्डही सोबत येतात.

एक्स्पोर्ट केलेली पासवर्डची फाइल म्हणजे साधा मजकूर. उघडेल त्याला बँकेपासून वीजबिलाच्या साइटपर्यंत सगळे पासवर्ड वाचता येतात. ती ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवू नका. नव्या अकाउंटमध्ये इम्पोर्ट झाली की शिफ्ट दाबून डिलीट करा, म्हणजे ती रीसायकल बिनमध्येही उरत नाही. पेनड्राइव्हवर ठेवली असेल तर तिथूनही काढा.

तिसरी गोष्ट कुलूप लावलेल्या फाइल्स. एखाद्या फाइलच्या चित्रावर छोटं कुलूप दिसत असेल तर ती विंडोजने एन्क्रिप्ट केलेली आहे आणि दुसऱ्या अकाउंटमधून उघडणार नाही. जुन्या अकाउंटमध्येच प्रॉपर्टीज, मग ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये जाऊन एन्क्रिप्शनची टिक काढा. विंडोजच्या होम आवृत्तीत ही सोय नाही, त्यामुळे घरच्या मशिनवर हा प्रसंग क्वचित येतो. ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर येऊ शकतो.

ईमेलसाठी आउटलुक वापरत असाल तर ते बंद करून ठेवा. त्याची मेल साठवणारी ‘पीएसटी’ फाइल बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये सापडते, आणि ती उघडी असताना कॉपी होत नाही. ‘ओएसटी’ नावाची फाइल दिसली तर ती न्यायची गरज नाही. ईमेल खातं पुन्हा जोडलं की सर्व्हरवरून ती नव्याने तयार होते.

आधी एक प्रत बाहेर

एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स आणि डाउनलोड्सची एक प्रत काढून ठेवा. सातबाऱ्याचे स्कॅन, जातीचा दाखला, मार्कशीट, वारलेल्या माणसांचे फोटो, यांतलं काही गेलं तर परत मिळवताना जे हाल होतात त्यापुढे हा तासाभराचा वेळ काहीच नाही. पेनड्राइव्ह वापरणार असाल तर त्याचं फॉरमॅट बघून घ्या. ‘फॅट ३२’ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर जाणार नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ किंवा जुन्या मेलची पीएसटी नेमकी तिथेच अडते. ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ हवं. फॉरमॅट बदलताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो हे लक्षात असू द्या.

जागेचाही हिशेब करा. जुन्या अकाउंटमध्ये १२० जीबी सामान असेल आणि ‘सी’ वर ६० जीबीच मोकळे असतील, तर एकाच वेळी सगळं कॉपी होणार नाही. मग फोटो आणि व्हिडिओ एक्स्टर्नल डिस्कवर किंवा ‘डी’ वर ठेवा, आणि फक्त रोजच्या कामाचं नव्या अकाउंटमध्ये आणा.

नवं अकाउंट

सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, मग ‘अदर यूजर्स’, मग ‘ॲड अकाउंट’. इथे विंडोज ईमेल मागतं. ईमेलशिवायचं अकाउंट हवं असेल तर आधी साइन-इनची माहिती नाही असं सांगणारी ओळ निवडा, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर जोडायची ओळ. ईमेल नंतर केव्हाही जोडता येतो. माझा सल्ला असाच आहे, कारण मग फोल्डरला पाच अक्षरांचं तुटकं नाव न मिळता तुम्ही दिलेलं नाव मिळतं. नाव इंग्रजी लिपीत, छोटं आणि मधे जागा न सोडता द्या. देवनागरी नाव चालतं, पण काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावाच्या फोल्डरपाशी अडखळतात. आपल्याकडे टायपिंग आणि डीटीपीच्या कामात अशी जुनी सॉफ्टवेअर अजून भरपूर आहेत.

नवं अकाउंट तुमचं स्वतःचं असेल तर ‘चेंज अकाउंट टाइप’ मधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर (मशिनवर सगळे अधिकार असलेलं अकाउंट) करा. मुलांचं असेल तर ‘स्टँडर्ड यूजर’ च राहू द्या.

आता जुन्या अकाउंटमधून साइन आउट करा. नुसतं ‘स्विच यूजर’ पुरत नाही, कारण मागे जुनं अकाउंट चालू राहतं आणि त्याने उघडलेल्या फाइल्स अडकून राहतात. नव्या अकाउंटमध्ये एकदा साइन-इन करा. त्याचा फोल्डर ‘यूजर्स’ मध्ये तयार होतो तो या पहिल्या साइन-इनच्या वेळी, तोवर तिथे काही टाकायला जागाच नसते.

प्रत्यक्ष कॉपी

१. ॲडमिनिस्ट्रेटर असलेल्या अकाउंटमध्ये बसा. विंडोजचं बटण आणि ‘ई’ दोनदा दाबून दोन खिडक्या उघडा. एकीत जुन्या अकाउंटचा फोल्डर, दुसरीत नव्याचा.

२. जुना फोल्डर उघडताना परवानगी नाही असा संदेश येईल. ‘कंटिन्यू’ दाबा. फोल्डर मोठा असेल तर परवानगी बदलायला बराच वेळ लागतो आणि मशिन अडकल्यासारखं वाटतं. मधेच बंद करू नका.

३. जुन्या डॉक्युमेंट्समध्ये जा, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी. नव्या डॉक्युमेंट्समध्ये जा, कंट्रोल-व्ही. डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि बाकीच्यांचंही असंच, आतलं सामान त्याच नावाच्या फोल्डरमध्ये.

कट करू नका, आणि माउसने ओढूही नका. एकाच ड्राइव्हवर फाइल ओढून दुसरीकडे टाकली तर विंडोज तिची प्रत करत नाही, मूळ फाइलच हलवतं. हलवलेल्या फाइलला जुन्या मालकाच्या परवानग्या चिकटून राहू शकतात, आणि मग फाइल दिसते पण उघडत नाही किंवा सेव्ह होत नाही. कॉपी केलेली फाइल मात्र नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. शिवाय मधे वीज गेली तरी मूळ फाइल जागेवर असते.

जुना फोल्डर सगळाच्या सगळा उचलून नव्यावर टाकायचा मोहही टाळा. त्यात ‘एनटीयूजर’ या नावाने सुरू होणाऱ्या काही लपवलेल्या फाइल्स असतात. जुन्या अकाउंटच्या सगळ्या सेटिंग्ज त्यांत साठलेल्या असतात आणि त्या नव्यात न्यायच्या नसतात. जुनं अकाउंट बिघडलं म्हणून तुम्ही नवं उघडलं असेल, तर बिघाड बहुतेक तिथेच आहे.

विंडोजच्या लपवलेल्या सिस्टिम फाइल्सही दिसू लागल्या की ‘माय डॉक्युमेंट्स’, ‘ॲप्लिकेशन डेटा’ अशा नावांचे फोल्डरही दिसतात आणि त्यांवर क्लिक केलं की ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. तिथे जोर लावू नका. ते खरे फोल्डर नाहीत, जुन्या सॉफ्टवेअरला वाट दाखवण्यासाठी ठेवलेल्या नुसत्या पाट्या आहेत.

एखादी फाइल नाव फार लांब आहे म्हणून अडली, तर तिच्या पूर्ण पत्त्याची लांबी २६० अक्षरांपलीकडे गेली आहे. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर आणि प्रत्येकाला वाक्याएवढं नाव दिलं की असं होतं. मधल्या एका-दोन फोल्डरांची नावं छोटी करा आणि पुन्हा कॉपी करा.

डेस्कटॉपवरची काही चित्रं फाइल्स नसून शॉर्टकट असतात. कोपऱ्यात छोटा बाण दिसतो. ते न्यायची गरज नाही. पण शॉर्टकट ज्या मूळ फाइलकडे बोट दाखवतो ती कुठे आहे ते राइट-क्लिक करून, प्रॉपर्टीजमधलं ‘टार्गेट’ वाचून बघा. वर्षानुवर्षं डेस्कटॉपवरून उघडलेली हिशेबाची एक्सेल फाइल भलत्याच फोल्डरमध्ये असल्याचं अनेकांना इथे पहिल्यांदा कळतं.

ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड हाताशी नसेल तर आणखी एक वाट आहे. ‘यूजर्स’ मध्येच ‘पब्लिक’ नावाचा फोल्डर असतो, तो सगळ्या अकाउंटना खुला असतो. जुन्या अकाउंटमध्ये बसून सामान त्यात कॉपी करा, नव्यात जाऊन तिथून उचला. थोडं सामान असेल तर हीच रीत सोपी. काम झाल्यावर पब्लिकमधली प्रत काढायला विसरू नका, कारण ती मशिनवर बसणाऱ्या कोणालाही वाचता येते.

माळ्यावरचं सामान

घर बदलताना खोल्या रिकाम्या होतात आणि माळा राहून जातो, तसं इथे ‘ॲपडेटा’ या फोल्डरचं होतं. तो लपलेला असतो. फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘हिडन आयटम्स’ असं केलं की दिसतो. तो पूर्ण कॉपी करायचा नाही, त्यातलं हवं तेवढंच घ्यायचं. मराठीत काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे ते फॉन्ट.

२०१८ च्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, फॉन्टवर डबल-क्लिक करून ‘इन्स्टॉल’ दाबलं की तो फक्त त्या एका अकाउंटपुरता बसतो. नव्या अकाउंटमध्ये तो नसतो. युनिकोड मराठीला सहसा अडचण येत नाही, विंडोजकडे स्वतःचे देवनागरी फॉन्ट आहेत. पण कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रिका, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त किंवा कोर्टाचा अर्ज नव्या अकाउंटमध्ये उघडला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची रांगच्या रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. या फॉन्टमध्ये मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच साठवलेला असतो आणि फॉन्ट त्याला देवनागरी रूप देतो. फॉन्ट गेला की आतलं उघडं पडतं. अशा वेळी घाबरून काही खोडू नका, फाइल सेव्ह न करता बंद करा आणि फॉन्ट आणा.

ते असतात जुन्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेने. नव्या अकाउंटमधून तो फोल्डर उघडा, सगळे फॉन्ट निवडा, राइट-क्लिक करा, गरज पडली तर ‘शो मोअर ऑप्शन्स’ मध्ये जा आणि ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. मग ते सगळ्याच अकाउंटना मिळतात. आता तीच पत्रिका पुन्हा उघडा. ओळी जुन्या प्रिंटप्रमाणेच तुटतात का, जोडाक्षरं नीट दिसतात का ते बघा.

मराठी कीबोर्डही प्रत्येक अकाउंटला वेगळा जोडावा लागतो. सेटिंग्ज, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज अँड रीजन’ मध्ये मराठी जोडा आणि भाषेच्या पर्यायांतून हवा तो कीबोर्ड घ्या, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक. विंडोजचं बटण आणि स्पेसबारने कीबोर्ड बदलतो.

वर्डमध्ये तुम्ही शिकवलेले शब्द, म्हणजे आडनावं, गावांची नावं, कामातल्या संज्ञा, ‘कस्टम’ नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये असतात. ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, यूप्रूफ. वर्ड बंद करून ती त्याच जागी न्या. शेजारच्या ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरमध्ये तुमची लेटरहेड ठेवली असतील तर तीही घ्या. फायरफॉक्सचं प्रोफाइल रोमिंगमधल्या ‘मोझिला’ फोल्डरमध्ये मिळेल.

टॅलीप्राइमचा डेटा साधारणपणे पब्लिक फोल्डरमध्ये असतो, त्यामुळे तो हलवायची वेळ सहसा येत नाही. टॅलीमध्येच डेटाचा पत्ता बघून खात्री करा. व्हॉट्सॲप फोनवरून पुन्हा जोडून घ्या.

तपासणी, आणि जुन्या अकाउंटचं काय

जुन्या आणि नव्या डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीज शेजारी शेजारी उघडून फाइल्सची संख्या आणि आकार ताडून बघा. एखाद-दुसऱ्या लपलेल्या फाइलचा फरक चालतो, शंभराचा चालत नाही. मग प्रत्येक प्रकारची एकेक फाइल उघडा, थोडा बदल करून सेव्ह करा. नुसती उघडते पण सेव्ह होत नाही, असं झालं तर ती फाइल पुन्हा कॉपी करा.

जुनं अकाउंट लगेच काढू नका. निदान महिनाभर तरी नव्यात काम करा. महिन्यात एकदाच लागणारी कामं, जीएसटी भरणं, सोसायटीची बिलं, पगारपत्रक, एकदा होऊन जाऊ द्या. काय राहिलं ते तेव्हाच कळतं.

अकाउंट काढण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी आहे का ते बघा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि ती की जुन्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. त्या अकाउंटने मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर लॉगिन करून ती ४८ अंकी की कागदावर लिहून ठेवा. दुसरं अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटर आहे ना, हेही बघा.

सेटिंग्जमधून ‘रिमूव्ह’ केलं तर ‘डिलीट अकाउंट अँड डेटा’ असं विचारलं जातं आणि फाइल्स रीसायकल बिनमध्ये न जाता थेट जातात. कंट्रोल पॅनलमधल्या ‘यूजर अकाउंट्स’ मधून काढलं तर ‘कीप फाइल्स’ असा पर्याय मिळतो. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फेव्हरिट्स, म्युझिक, पिक्चर्स आणि व्हिडिओज एका फोल्डरमध्ये तुमच्या डेस्कटॉपवर ठेवतो. त्या यादीत डाउनलोड्स नाही, आणि ॲपडेटाही नाही. बँकेची स्टेटमेंट्स, आधारची पीडीएफ, शाळेच्या पावत्या बहुतेकांच्या डाउनलोड्समध्येच पडून असतात. म्हणून हे बटण दाबण्याआधी जुना डाउनलोड्स फोल्डर स्वतः उघडून वरपासून खालपर्यंत एकदा बघून घ्या.